सहावा रकाना

जळगावात मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर डांबर पातळ होऊन चपलेला चिकटायचं, दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही, आणि नाना पिंप्राळ्याहून सायकल मारत यायचे ते हँडलला मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर लटकवून. हॉस्पिटलच्या आवारात सायकल लावली की तिथेच, उन्हात उभं राहून, ते तो अंगात घालायचे. केसपेपरच्या रांगेतली माणसं एकमेकांना कोपराने ढोसून दाखवायची. नाना तिकडे लक्ष न देता जिना चढायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि संगणकाच्या थंड खोलीत शिरायचे. मी एकदा विचारलं, “नाना, आत येऊन घातला तर नाही का चालणार?” ते म्हणाले, “दार उघडं ठेवून बाही शोधत बसलो तर आतली थंडी बाहेर जाते, ताई. यंत्राला त्रास होतो.”

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. एका ट्रस्टचं ते हॉस्पिटल होतं. जळगावात संगणक नवीन नव्हता, पण हॉस्पिटलचे सगळे केसपेपर, तपासण्या, रक्तपेढीच्या नोंदी एका सर्व्हरवर, एका डेटाबेसमध्ये असणं हे मात्र नवलाचं होतं. गावोगावचे लोक तो बघायला यायचे आणि काचेतून एक करडी पेटी बघून निराश होऊन जायचे. नाना त्या पेटीचे प्रमुख. हाताखाली एकटी मी.

ते मूळचे पिंपळनेरकडचे. धुळ्यात पंधरा-सोळा वर्षं शाळेत गणित शिकवून, चाळिशी ओलांडल्यावर पुस्तकं आणून संगणक शिकले. वय पन्नाशीच्या आतच, पण हॉस्पिटलचे सेक्रेटरीसाहेब, जे सत्तरीचे निवृत्त डॉक्टर होते, तेही त्यांना नानाच म्हणायचे. बायको-मुलं धुळ्याला. दर शनिवारी दुपारच्या एस.टी.ने नाना जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. बाकी दिवस पिंप्राळ्यात एका खोलीत. त्या खोलीत एक मांडणी होती आणि तिचा मधला खण कायम मोकळा. घरमालकीणबाईंनी एकदा लोणच्याच्या बरण्या तिथे ठेवू का म्हणून विचारलं. नाना म्हणाले, “तो रिकामा नाही, राखीव आहे.” कशासाठी राखीव, हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी मलाच दोनदा विचारलं.

माझी मुलाखतही विचित्रच झाली. मी पदवी घेऊन, संगणकाच्या भाषा पाठ करून गेले होते. नानांनी त्यातलं काही विचारलंच नाही. मला खाली केसपेपरच्या काउंटरपाशी नेलं, बाकावर बसवलं आणि म्हणाले, “तासभर बसा. मग वर येऊन सांगा काय दिसलं.” काउंटरवर मंदाताई होत्या. समोर सातपुड्याच्या पायथ्याची, चोपडा-शिरपूरकडची माणसं. कुणाचं कार्ड पावसात भिजलेलं, कुणाचं हरवलेलं. मग नावावरून शोधायचं. एकाच नावाचे दहा-बारा जण निघायचे. मंदाताई नाव टाकायच्या आणि पडदा नुसताच लुकलुकत राहायचा. तासाने मी वर जाऊन हुशारीने सांगितलं, “मशीन स्लो आहे.”

“कोणासाठी?” नानांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

“तिसऱ्या खिडकीसमोरची बाई किती वेळ उभी होती?”

मी पाहिलं नव्हतं. नोकरी तरीही मिळाली. नंतर कळलं, माझ्याआधी जे दोघं आले होते ते तासभर बाकावर बसलेच नव्हते, चहाला गेले होते.

नानांचं खरं काम म्हणजे त्या पेटीतली मेमरी वाटणं. डिस्क म्हणजे मोठं गोदाम, सगळ्या नोंदी तिथे, पण तिथून आणायला वेळ लागतो. मेमरी म्हणजे हाताशी असलेली छोटी जागा. आमच्या सर्व्हरला चौसष्ट एमबी होती, आणि त्या काळी ती ऐकून लोक भुवया उंचवायचे. तिच्यातला एक हिस्सा डेटाबेसला द्यायचा, म्हणजे वारंवार लागणाऱ्या नोंदी तो तिथे धरून ठेवतो. शिवाय प्रत्येक टर्मिनलवर जो माणूस काम करायला बसतो त्याच्यासाठी थोडी थोडी लागते. उरलेली यंत्राला स्वतःचा गाडा हाकायला. डेटाबेसला जास्त दिली की शोध भराभर लागतो. पण सगळ्यांची मिळून मागणी चौसष्टच्या वर गेली, की यंत्र मेमरीतलं सामान उचलून डिस्कवर टाकतं, ते परत लागलं की परत आणतं, दुसरं टाकतं. मग त्याचा सगळा वेळ या उचलाउचलीतच जातो.

हे बाकीचे लोक आकड्यांवरून ओळखायचे. नाना कानाने ओळखत. डिस्कच्या बाजूला खुर्ची घेऊन डोळे मिटून बसायचे. निवांत चाललेली असेल तर डिस्क मधूनमधून खरखरायची आणि थांबायची. “श्वास घेऊन राहिली,” नाना म्हणायचे. एकदा सेक्रेटरीसाहेब अचानक आत आले, तर प्रमुख खुर्चीत स्वेटर घालून डोळे मिटून बसलेले. साहेबांनी मला खुणेने विचारलं, झोपलेत का? नानांनी डोळे न उघडता सांगितलं, “नाही साहेब. प्रयोगशाळेतलं कोणीतरी महिनाभराचे रिपोर्ट एकदम मागतंय.” मी खाली फोन केला. खरंच कोणीतरी मागत होतं.

त्यांची एक वही होती, लांब, शाळेच्या हजेरीपटासारखी. सर्व्हरचं कुठलंही सेटिंग बदललं की त्यात लिहायचं. सहा रकाने होते. तारीख, काय बदललं, किती होतं, किती केलं, कोणासाठी, आणि शेवटचा: कोणाकडून. हा सहावा रकाना भरल्याशिवाय नाना बदल करू देत नसत. मी म्हणायची, “नाना, कोणाकडून म्हणजे काय, सर्व्हरमधून.” ते म्हणायचे, “सर्व्हर कोणी नाही. चौसष्टच आहेत. एकाला दोन दिले तर दोन कोणाचे तरी गेले. त्याचं नाव लिहा.” आणि एका दिवशी एकच बदल. दोन केले तर कशाने काय झालं ते कळत नाही. मी तेवीस वर्षांची होते. मला हे सगळं फार संथ वाटायचं.

त्या वर्षी हॉस्पिटलची नवी इमारत झाली. आठ टर्मिनलची वीस होणार होती. नव्या इमारतीसाठी पुण्याहून एक इंजिनीअर आला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, शांत, कामात तरबेज मुलगा. त्याने आमची सेटिंग पाहिली. डेटाबेसला नानांनी सोळा एमबी दिली होती. तो म्हणाला, “सर, एवढी मेमरी असून तुम्ही वापरतच नाही. चव्वेचाळीस करू. नावावरून शोध बघा कसा पळतो.” त्याने तात्पुरती करून दाखवली. मंदाताईंना नाव टाकायला लावलं. एरवी मिनिटभर लागायचा तो शोध, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा टाकल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत पडद्यावर. मंदाताईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सेक्रेटरीसाहेब नानांकडे बघून हसले.

नाना म्हणाले, “आत्ता दोनच टर्मिनल चालू आहेत, साहेब. मला वीस माणसं द्या. अर्धा तास. वीसही जागांवर बसवून एकदम काम करायला लावू. चाललं तर मीच चव्वेचाळीस करतो.”

“नाना, परवा उद्घाटन आहे. वीस माणसं कुठून आणू मी?”

“मग सोमवारी तीच चाचणी पेशंट उभे करून होईल.”

हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं, पण साहेबांना लागलं. ते म्हणाले, “प्रत्येक गोष्टीला तुमचं हळूहळू. मॅडम, हे इंजिनीअर सांगतील तसं उद्या तुम्ही करून घ्या.” मॅडम म्हणजे मी.

शनिवारी दुपारी नाना नेहमीप्रमाणे धुळ्याच्या एस.टी.ला गेले. जाताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. इंजिनीअरने आकडा सांगितला, मी टाइप केला. वही काढली. पाच रकाने भरले. “कोणासाठी” मध्ये लिहिलं, सर्वांसाठी. सहाव्यापाशी पेन थोडं थांबलं आणि मग मी तिथे एक आडवी रेघ ओढली.

रविवारी उद्घाटन थाटात झालं. सोमवारी ओपीडीचा सगळ्यात गर्दीचा दिवस. नऊला दहा-बारा टर्मिनल सुरू झाली तेव्हा सगळं थोडं जड वाटत होतं. दहाला वीसही भरली आणि यंत्र जवळजवळ थांबलं. बंद पडलं नाही. बंद पडलं असतं तर निदान कळलं असतं. एक अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर यायला माणूस दहापर्यंत मोजेल एवढा वेळ लागावा. काचेतून डिस्कचा दिवा दिसत होता. एरवी लुकलुकणारा तो दिवा नुसता जळत होता.

मी पुण्याला फोन लावला. इंजिनीअर आदल्या रात्रीच परत गेला होता. तो म्हणाला, “बंद करून सुरू करा.” आता बंद केलं तर परत उभं राहायला किती वेळ लागेल ते त्यालाही सांगता येईना. तेवढ्यात रक्तपेढीतून निरोप आला, खाली या.

तिथे एक आई होती, पायथ्याच्या गावातली. तिची सात वर्षांची मुलगी आत खाटेवर होती. सिकलसेलचा, रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्याकडे तिकडची बरीच मुलं यायची. अंगदुखीने ती पोर कण्हायच्याही पलीकडे गेली होती. रक्त द्यायला हवं होतं, पण आई पुन्हापुन्हा अहिराणीत एकच सांगत होती, “मांगे रगत चढावं तवय पोर कापाले लागनी. डोळा फिरायी लिधात.” म्हणजे मागे रक्त चढवलं तेव्हा पोर थरथरायला लागली होती, डोळे फिरवले होते. कार्ड तिच्याकडे नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, “मागच्या वेळी काय झालं, कुठलं रक्त चालत नाही, ते आपल्याच नोंदीत आहे. ते बघितल्याशिवाय मी पिशवी लावणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही.” जुन्या कागदी नोंदवह्या इमारत बदलताना गठ्ठे बांधून कुठल्याशा खोलीत गेल्या होत्या. तिथे दोन माणसं पाठवली. मी रक्तपेढीच्या टर्मिनलवर नाव टाकलं. सुनीता, वडिलांचं नाव, गाव. पडदा तसाच.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मागून आवाज आला, “आत किती जण आहेत?”

नाना होते. खांद्यावर एस.टी.तली पिशवी तशीच.

“वीस,” मी म्हटलं.

“डेटाबेसला किती आहे?”

“चव्वेचाळीस.”

मी वाट बघत होते की आता म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “या टर्मिनलवर काय शोधताय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “इथून उठू नका,” आणि केसपेपरच्या हॉलकडे निघाले. चालत नाही, पळत. नानांना पळताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढचं मला मंदाताईंनी सांगितलं. नाना पहिल्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, “मंदाताई, काम सोडा. बाहेर पडा, टर्मिनल बंद करा.”

“अहो नाना, समोर माणूस उभा आहे माझ्या. सकाळपासून उभा आहे.”

“त्याला मी सांगतो. तुम्ही बंद करा.”

असे ते एकेका खिडकीशी गेले. प्रयोगशाळेत गेले, औषधांच्या काउंटरला गेले. एकूण एकोणीस माणसांना त्यांनी उठवलं. जितकी माणसं बाहेर पडतील तितकी मेमरी मोकळी होणार होती, दुसरा मार्गच नव्हता. मग ते हॉलच्या मधोमध उभे राहिले. दोनेकशे माणसं असतील. शाळेत वर्ग शांत करायचा तो आवाज त्यांनी काढला. “भाऊस्वन, अक्कास्वन! दहा मिनिट काम बंद शे. आत एक पोर बिमार शे, तिना कागद सापडत नही. तुमना बठ्ठास्ना नंबर जठे शे तठेच राही.” म्हणजे रांगेतला कोणाचाही नंबर जाणार नव्हता.

एक जण चिडून म्हणाला, “आम्हीबी आजारीच शेतस.”

“खरं शे, भाऊ,” नाना म्हणाले. “चूक आमनी शे.”

मंदाताई सांगत, त्यानंतर काही जण खाली फरशीवर बसले. एका म्हाताऱ्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

रक्तपेढीत मला एवढंच दिसलं की पडदा हलला. मग एकदम यादी उतरली. अकरा सुनीता. वडिलांच्या नावावरून दोन उरल्या, गावावरून एक. नोंद उघडली. मागच्या रक्ताच्या वेळी झालेला त्रास, त्यानंतरची तपासणी, कुठल्या प्रकारचं रक्त टाळायचं, सगळं नीट लिहिलेलं होतं. डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाचत होते. वाचता वाचताच त्यांनी पेढीतल्या माणसाला हाका मारायला सुरुवात केली. जुळणारी एक पिशवी होती. दुपारी दोनच्या सुमारास मुलीने पाणी मागितलं.

तोवर नानांनी यंत्र रीतसर बंद करून, डेटाबेसला पुन्हा सोळा एमबी देऊन सुरू केलं होतं. वीसही टर्मिनल चालत होती. पळत नव्हती, चालत होती. सेक्रेटरीसाहेब जिना चढून वर आले, दारात चपला काढल्या, आणि आत न येता तिथेच उभे राहिले. म्हणाले, “नाना, तुम्हाला वीस माणसं द्यायला हवी होती.” नाना म्हणाले, “साहेब, दार लावा, थंडी जाते.” साहेब आत आले आणि त्यांनी दार लावलं. त्या विषयावर त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं.

ते गेल्यावर नानांनी वही माझ्यापुढे ठेवली. शनिवारची ओळ. सहाव्या रकान्यात माझी आडवी रेघ.

“लिहा,” ते म्हणाले.

मी रडत होते. मी रेघेवर लिहिलं, सगळ्यांकडून. त्यांनी वाचलं, मान हलवली. मला वाटलं आता वही मिटतील. पण त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: मी रुसून धुळ्याला गेलो होतो.

“नाना, तुम्ही तर दर शनिवारी जाता.”

“हो. पण या शनिवारी रुसून गेलो, बेटा. थांबलो असतो तर तुला आकडा टाकू दिला नसता. मला दाखवायचं होतं त्यांना.” पहिल्यांदाच ते मला अगं-तुगं करत होते. “दाखवलं. कोणाच्या जिवावर, बघ.”

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी डेटाबेसची मेमरी सोळाची अठरा केली, मग वीस. वीसवर एका सोमवारी डिस्कचा आवाज त्यांना आवडला नाही, म्हणून परत अठरा. प्रत्येक वेळी वीसही माणसं जागेवर असताना बघितलं, आणि आता माणसं मागायची वेळ आली नाही. साहेब स्वतः एका टर्मिनलवर येऊन बसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. पुण्याच्या इंजिनीअरने नंतर फोन करून सगळं विचारून घेतलं, आकडे लिहून घेतले. नाना त्याच्याशी तासभर अगदी मायेने बोलले. वर म्हणाले, “पोरगा चांगला आहे. त्याने विचारलं तरी. मी नवीन असताना कोणाला विचारायचो नाही.”

दिवाळीनंतर ती आई मुलीला घेऊन तपासणीला आली. ओच्यात बांधून रानातली चारोळी आणली होती. ज्याने सगळ्यांना उठवलं तो माणूस कुठे आहे, असं ती विचारत होती. मी वर जाऊन नानांना सांगितलं. नानांनी चक्क आतून कडी लावली. गणित शिकवलेला, दोनशे माणसांपुढे उभा राहिलेला माणूस, एका बाईच्या आभारांना घाबरला. चारोळी मीच घेतली.

पण मुलगी माझ्यामागोमाग जिना चढून आली होती. काचेला नाक लावून आत बघत होती. नाना थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिले, मग त्यांनी कडी काढली. पोर चपला काढून आत आली. थंडीने अंग आक्रसून घेतलं, पण हटली नाही.

“माझं नाव यात आहे ना?” तिने विचारलं. ती आता गावच्या शाळेत जात होती आणि शाळेतलं मराठी ठासून बोलत होती.

“आहे की,” नाना म्हणाले आणि त्यांनी ते काढून दाखवलं. आमच्या यंत्रात तेव्हा सगळं इंग्रजी अक्षरांत असायचं. पोरीने पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

“हे माझं नाव नाही. माझं नाव असं नसतं लिहीत.”

नाना माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. “मग कसं लिहितात ते सांग.”

ती खाली फरशीवर पालथी झाली आणि जीभ बाहेर काढून लिहायला लागली. बराच वेळ लागला. सु मोठा झाला, ता कागदाच्या कडेला जाऊन दाटला. नानांनी तो कागद घेतला, चिकटपट्टीने सर्व्हरच्या पुढच्या अंगाला लावला, आणि जरा मागे जाऊन सरळ लागलाय का ते बघितलं.

आठवड्याने सेक्रेटरीसाहेब कोणा पाहुण्यांना घेऊन आले. महागड्या यंत्रावर तो कागद बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“नाना, हे काय? काढून टाका ते.”

नाना उठून उभे राहिले. “साहेब, या पेटीत हजारो माणसांची नावं आहेत. सगळी आपण लिहिलेली. स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलेली ही एकटीच आहे.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाकून ती तीन अक्षरं वाचली. मग पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, “ही आमची सुनीता.”